नाव कमी केल्याचा दाखला

लग्नानंतर तेराव्या दिवशी मी मामलेदार कचेरीत जाऊन एक दाखला आणला. माहेरच्या रेशनकार्डातून माझं नाव कमी केल्याचा दाखला. तो दिल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही. बडोद्यात आमच्या घरांत मुलीचं लग्न झालं की पाठवणीनंतरचं पहिलं सरकारी काम हेच असतं. काम सोपं असतं. खिडकीतला माणूस जुन्या नावावर रेघ मारतो, शिक्का मारतो, आणि त्या कार्डापुरती ती मुलगी संपते.

माझं तर पूर्ण नावच बदललं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. जुन्यातलं काहीच राहिलं नाही. मी तेव्हा एका गुजराती दैनिकात उपसंपादक होते. आमच्या डेस्कवर नाव छापून येत नाही, त्यामुळे बातम्यांना या बदलाचा काही फरक पडला नाही.

ज्या कागदाबद्दल लिहायचं आहे, त्यावर मी लग्नाच्या अकरा दिवस आधी सही केली होती.

तेव्हा महानगरपालिकेनं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांचे अर्ज निघाले होते. त्याची बातमी मीच केली होती. अटी चौकटीत दिल्या होत्या. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घराच्या कागदावर कुटुंबातल्या स्त्रीचं नाव असावं. सवलत एका कुटुंबाला एकदाच.

बाबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिले, नंतर रावपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याचं लग्न झालेलं होतं आणि तोही बायकोसह त्याच दोन खोल्यांत राहत होता. त्याला स्वतःला अर्ज करता येत नव्हता, कारण वहिनीच्या नावावर तिच्या वडिलांनी डभोईला घर करून दिलेलं होतं. बाबांना करता येत होता. पण त्यांच्या कुटुंबात स्त्री म्हणून उरले होते मी, आणि तीही अकरा दिवसांपुरती.

दादा संध्याकाळी ऑफिसात आला. पहिली आवृत्ती सोडायची वेळ होती. मी त्याला कँटीनमध्ये बसवलं. त्यानं पिशवीतून तीन कागद काढले.

"बाबांचा फॉर्म आहे. इथं सही कर."

"मी कशाला?"

"घरातली बाई पाहिजे. तूच छापलंयस ना? आई नाही, म्हणून तू."

"अरे पण माझं लग्न आहे."

"म्हणून तर आज आलोय. लग्न झाल्यावर कोण घेणार तुझी सही? आणि नाव काय, लग्नानंतर कमी होतंच. रेशनकार्डातून होतं ना, तसं."

"आपोआप?"

"आपोआप. तुझं जुनं नाव आता वायाच जाणार आहे. जाता जाता बापाला घर देऊन जाऊ दे."

यावर आम्ही दोघंही हसलो. पहिला कागद अर्ज होता. दुसरा सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, की आमचं कुठेही घर नाही. तिसरा मी वाचला नाही. कोणाही वार्ताहराचा मजकूर मी दोनदा वाचल्याशिवाय पुढे पाठवत नसे. त्या दिवशी आतून शिपाई दोनदा बोलवायला आला, आणि समोर भाऊ होता. तिन्ही कागदांवर सह्या करून मी उठले. दादानं चहाचे पैसे दिले.

लग्नानंतर दोन महिन्यांनी सोडत निघाली. बाबांना घर लागलं. फोन वहिनीचा आला. "पेढे खायला या," म्हणाली. घर आजवा रस्त्याच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. बाबांबरोबर दादा-वहिनीही तिथे राहायला गेले. दारावर दादाच्या नावाची पाटी लागली, गुजरातीत, खाली बाबांचं नाव. मला त्यात काही खटकलं नाही. सलग तीन भाऊबीजा मी त्या घरी गेले. दादाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. निघताना वहिनी दर वेळी म्हणायची, "आता पुढच्या वर्षी तुमच्या घरी हं." आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, त्यावरचा तो टोमणा होता. मी तो हसण्यावारी नेत असे.

तिसऱ्या वर्षी आम्ही घर पाहिलं. नवरा वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. घर त्याच रस्त्यावर, चौकडीच्या, म्हणजे मोठ्या चौकाच्या अलीकडे. एक शयनघर, पूर्वेला खिडकी, खाली पाण्याची टाकी. त्या वेळी पहिलं घर घेणाऱ्यांना कर्जाच्या व्याजावर सरकारी अनुदान होतं. ते धरलं तर हप्ता आमच्या दोघांच्या पगारात बसत होता. न धरता बसत नव्हता. आम्ही बयाणा दिला. बिल्डरनं दस्त करायला तीन महिन्यांची मुदत दिली.

बँकेत पुन्हा तोच सोगंदनामा पुढे आला. माझ्या, माझ्या पतीच्या वा आमच्या अविवाहित मुलांच्या नावे भारतात कुठेही पक्कं घर नाही. मी तो वाचला. शब्दन् शब्द. मग आम्ही दोघांनी सही केली.

पंधरा दिवसांनी बँकेतल्या अधिकाऱ्यानं आम्हाला बोलावलं. पन्नाशीचा, सौम्य बोलणारा माणूस होता. त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"बेन, तमारा नामे मकान तो छे ज," तो म्हणाला. तुमच्या नावावर घर तर आहेच.

मी म्हणाले, चूक असेल. त्यानं नाव वाचून दाखवलं. ते माझं जुनं नाव होतं. तीन वर्षांत ते कोणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. माहेरी मला लाडाच्या नावानं हाक मारतात. त्याच्या शेजारी आधारचा क्रमांक होता. लग्नानंतर मी आधारवर नाव बदलून घेतलं होतं. क्रमांक बदलत नाही.

"पण ते नाव कमी झालंय," मी म्हणाले.

"शेमांथी?" त्यानं विचारलं. कशातून?

मला रेशनकार्ड म्हणायचं होतं.

त्यानं समजावून सांगितलं. घर बाबांच्या आणि माझ्या नावावर, दोघांचं सारखं. माझ्या वतीनं दस्तावर दादानं सही केली होती, कारण मी त्याला मुखत्यारपत्र दिलेलं होतं. तो तिसरा कागद. सवलत मिळालेली असल्यामुळे मी पहिलं घर घेणारी नव्हते, आणि म्हणून माझा नवराही नव्हता. शिवाय आमचा सोगंदनामा खोटा ठरत होता. "अरजी पाछी खेंची लो," तो हळू आवाजात म्हणाला. मागे घ्या, मी पुढे काही लिहीत नाही.

बाहेर स्कूटरपाशी नवरा बराच वेळ किल्ली हातात घेऊन उभा राहिला.

"तुझ्या नावावर घर आहे, आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मला माहीत नव्हतं."

"सही तुझी आहे."

"हो."

"तुला वाचायचा पगार देतात ना गं?" तो म्हणाला. मग त्यानं स्कूटर सुरू केली. मला खरंच माहीत नव्हतं, याची त्याला आजही पूर्ण खात्री नसावी असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजवा रस्त्याला गेले. दादा कामावर होता, वहिनी बाजारात. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वालपापडी सोलत बसले होते.

मी विचारलं, "बाबा, या घरावर माझं नाव आहे?"

"आहे ना. तुझं नाव घातलं म्हणून तर घर लागलं. नाहीतर मी रावपुऱ्यातच संपलो असतो."

"लग्नानंतर ते निघत नाही, हे माहीत होतं?"

ते सोलत राहिले. "दादानं चौकशी केली होती. काही वर्षं कागदावरच्या नावांना हात लावता येत नाही, असं पालिकेतले म्हणाले."

"कधी केली चौकशी? सही घ्यायच्या आधी की नंतर?"

"आधीच. त्याशिवाय का फॉर्म भरतो माणूस?"

"मग मला का सांगितलं नाही?"

बाबांनी पापडीतला एक किडका दाणा काढून बाजूला ठेवला. "तू सही केली नसतीस," ते म्हणाले.

बाबांच्या स्वरात ओशाळलेपण नव्हतं. त्यांनी विचारलं, चहा घेतेस का. मी नको म्हणाले.

दादा त्या रविवारी आमच्या घरी आला. नवरा आत जाऊन बसला. दादानं पुन्हा पिशवीतून कागद काढला.

"उगाच डोक्यात राख घालू नकोस. उपाय आणलाय. हक्क कमीचा कागद आहे. सही केलीस की तुझं नाव गेलं. बँकेला दाखव, विषय संपला."

हक्क कमी हा शब्द गुजरातेत सगळ्या बहिणींना माहीत असतो. वडिलांच्या जमिनीवरचा, घरावरचा हक्क सोडताना त्या ज्यावर सही करतात, तो कागद. मी तो हातात घेतला आणि वाचला. दोनदा. त्यात लिहिलं होतं की मी माझा अर्धा हिस्सा राजीखुशीनं, काही मोबदला न घेता, भावाच्या लाभात सोडत आहे. बाबांच्या नव्हे, भावाच्या. तारखेची जागा कोरी होती.

"तारीख?"

"पालिकेची ती काही वर्षांची मुदत संपली की घालू. आत्ता घातली तर चालत नाही."

"मग आत्ता बँकेला काय दाखवू?"

मी बँकेतल्या अधिकाऱ्याला आधीच विचारलं होतं. घर सोडलं तरी घेतलेली सवलत परत जात नाही. ती माझ्या क्रमांकावर राहणार होती. कागदावर सही केली असती तर माझं पहिलं घर गेलं असतं आणि दुसऱ्याला अनुदान मिळालं नसतंच.

"दादा, यात माझा प्रश्न कुठे सुटतो?"

"अगं, तुला काय कमी आहे? दोघं कमावता. माझं बघ. उद्या बाबांचं काही झालं की मी कुठे जाऊ?"

"डभोईला."

"तुझ्या वहिनीच्या माहेरच्या जिवावर राहू?"

"मी कुणाच्या नावावर राहू?"

तो उठला, पुन्हा बसला. मग पेन पुढे करून समजुतीच्या सुरात म्हणाला, "सही मात्र जुन्या नावाची कर. मूळ कागदावर आहे तशीच हुबेहूब. नाहीतर चालत नाही."

मी पेन घेतलं नाही. "ती सही आता मला येत नाही," म्हणाले.

"म्हणजे?"

"तूच म्हणाला होतास, लग्नानंतर ते नाव कमी होतं. झालं. माझ्याकडे दाखला आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी कपाटातून दाखला आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग स्वतःचा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि चपला घालून गेला. जिन्यात त्याच्या मागोमाग कोणी गेलं नाही.

तीन महिन्यांत दस्त झाला नाही. बिल्डरनं बयाण्यातला काही भाग कापून बाकी परत केला. ते घर दुसऱ्या कुटुंबानं घेतलं. नवरा कारखान्याच्या बसमधून रोज त्याच्यासमोरून जातो. त्यांनी खिडकीला जाळी बसवली आहे, हे त्यानंच मला सांगितलं. आम्ही अजून भाड्यानं राहतो. भाऊबीजेला मी जात नाही. अनुदानाच्या बातम्या डेस्कवर येतात तेव्हा अटींची चौकट करायला मी दुसऱ्या कोणाला देते.

दर वर्षी घरपट्टीचं बिल आजवा रस्त्याच्या पत्त्यावर येतं. त्यावर दोन नावं असतात. बिल आलं की बाबा फोन करतात. आमचं बोलणं आता तेवढंच उरलं आहे.

"तुझ्या नावाचं बिल आलंय," ते म्हणतात.

"कुठल्या नावाचं?" मी विचारते.

ते फोन वहिनीकडे देतात.