चंद्रमौळी काकांनी ब्रोकर कसा निवडला

चंद्रमौळी काकांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तेहतीस वर्षं रणगाड्यांचे सुटे भाग तपासले. केसभर फरक दिसला की "रिजेक्ट!" त्यातला 'जे' ते असा ठेचायचे की वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीतली भाजीवालीसुद्धा त्यांच्यापुढे वांगी घाबरत ठेवायची. २००७ साली ते निवृत्त झाले आणि हेमलता काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन लाख बाजूला काढले. दोन्ही गुडघ्यांना अडीच लागणार होते. उरलेले शेअरबाजाराने द्यायचे, असं काकांनी परस्पर ठरवलं.

आता घरबसल्या कॉम्प्युटरवरून शेअर घेता येतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी तीन कंपन्या काढल्या आणि वहीत तक्ता आखला: दलाली किती, वर्षाची फी किती, फोन किती वेळात उचलतात. पहिल्या कंपनीची बाई "वन् मिनिट् सार्" म्हणून गाणं लावून गेली ती अकरा मिनिटांनी आली. रिजेक्ट. दुसरीची दलाली सगळ्यात कमी; पण तिथले नारायणस्वामी खेकसले, "फॉर्म पूर्ण वाचा, मग या." तिसरी सगळ्यात महाग. तिचा माणूस मात्र घरी आला. शार्दूल, नाशिकचा. चपला काढता काढता म्हणाला, "अरे वा काका, तुम्ही मराठी?"

संपलं! आम्ही तंजावरकडची माणसं. तमिळ मुलखात पिढ्या गेल्या, पण बाहेर कुणी मराठी बोललं की आम्ही वितळतो. काकांनी एकदा बसमधल्या अनोळखी बाईला निव्वळ मराठी बोलली म्हणून घरी जेवायला आणलं होतं.

"आमचा माणूस की हा!" काका स्वयंपाकघराकडे ओरडले. "हेमा, कॉफी घाल. पहिलं डिकॉक्शन!" फिल्टरचा तो पहिला दाट अर्क खास पाहुण्यांसाठीच असायचा.

"आणि तक्ता?" मी विचारलं.

"असू दे रे तुझा तक्ता."

तक्ता माझा! शार्दूल आठ वेळा 'काका' म्हणाला. प्रत्येक 'काका'त तूप, आणि तेही डालड्याचं. "तुम्ही टेन्शनच घेऊ नका, काका. काकू मला आईसारख्या. इथे सही. इथे. आणि इथे." त्यातला एक कागद कुलमुखत्यारपत्राचा होता: काकांच्या खात्यात कंपनीने व्यवहार करायची परवानगी. स्क्रूचा आटा भिंगाखाली धरणारा माणूस न वाचता सह्या करत होता. मला किळस आली. शार्दूलची थोडी, काकांची जास्त.

मग रोज फोन. "काका, हा काढू, तो घेऊ?"

"तुला बरं दिसेल ते कर की, बाळा."

बाळाने केलं. मी दोघांच्या नकला करायचो आणि काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या तोवर जिना आडव्या पावलांनी उतरायला लागल्या होत्या.

ऑक्टोबरात बाजार रोज नवा उच्चांक गाठत होता. काका म्हणाले, आता विकू या. शार्दूल चार दिवस 'मीटिंगमध्ये' होता. पाचव्या दिवशी मी काकांना कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरवर नेलं आणि त्यांची मेल उघडली. कंपनी प्रत्येक व्यवहाराची पावती मेलने पाठवत होती, आणि काकांनी एकही उघडली नव्हती. ब्याऐंशी व्यवहार. आज घेतलेलं परवा विकलेलं, तेच पुन्हा घेतलेलं, आणि प्रत्येक वेळी दलाली. सारा देश वर चालला होता आणि काकांच्या दोन लाखांचे एक लाख एकेचाळीस हजार झाले होते.

काकांनी पावत्या एकेक करून पाहिल्या, सगळ्या ब्याऐंशी. तासाचे वीस रुपये मी भरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टी. नगरच्या ऑफिसात गेलो. "अरे काका! या, या! काकू कशा आहेत?" शार्दूल उठून उभा राहिला.

काकांनी त्याच्याकडे गाडीखाली आलेल्या उंदराकडे बघावं तसं पाहिलं.

"फॉर्म कुडुंगो," ते तमिळमध्ये म्हणाले. खातं बंद करायचा फॉर्म द्या.

"काका, अहो, बसा तरी. आपण मराठी माणसं—"

"मराठी तेरियादु."

मराठी येत नाही! शार्दूलचं तोंड उघडं राहिलं, आणि त्या तोंडाची नक्कल मला अजून जमलेली नाही. त्याने फॉर्म दिला. काकांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बारीक अक्षरातलंसुद्धा. पाऊण तास. शार्दूल उभाच.

नोव्हेंबरात काकूंचा डावा गुडघा झाला.