तिसऱ्या मजल्यावरची धाकटी

ताईला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी मला घरातून हाकललं जायचं. हाकललं हा शब्द आईला आवडायचा नाही. ती म्हणायची, "जरा वर जाऊन बस गो, तासाभराचा तर प्रश्न." पण आपल्याच घरात पाहुण्यांनी पोहे खायचे आणि आपण परक्याच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचं, याला दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. मोठीला दाखवताना धाकटी समोर येऊ द्यायची नाही. मुलाची नजर चुकून धाकटीवर गेली तर? मी काही रूपाची खाण नव्हते. ताईपेक्षा चार बोटं उंच आणि रंगाने जरा उजळ, एवढाच माझा गुन्हा. ताई चोवीस वर्षांची होती, मालाडच्या एका बँकेत नोकरीला. मी एकवीसची, बी.ए. करून टायपिंगच्या क्लासला जात होते. बोरीवलीतलं आमचं घर वन रूम किचन. त्यात मला लपवणार कुठे, मोरीत? म्हणून वरच्या मजल्यावर. तिथे एक गुजराती बेन एकट्याच राहत. आमच्या डोक्यावर त्यांचं घर, तीच उजवीकडची बाजू, तसाच दरवाजा.

सुरुवातीला मला गंमत वाटली. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून डोकं फिरायला लागलं. पाहुणे जायचे, पंधरा दिवसांनी नकार यायचा, ताई दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखी वागायची, आणि मग आई नव्या स्थळाच्या मागे. दर वेळी मी आईशी भांडायचे. "मी काय साथीचा रोग आहे, लपवून ठेवायला?" असं मी तिला एकदा पाहुण्यांच्या कपबशा पुसताना विचारलं होतं. "तुझं काळीज दगडाचं आहे" असंही म्हणाले होते. आई त्यावर "गप रव" एवढंच म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. ती काही बोलत नाही याचाच मला जास्त संताप यायचा. सतत दोन वर्षं मी त्या बाईला धारेवर धरलं.

सातव्या वेळचा पाहुणा विक्रोळीचा. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होता. बाबांच्या ओळखीतले एक काका मध्यस्थ होते. ते मुलाच्या आईवडलांना घेऊन येणार होते, आणि मुलगा रविवारची अर्धी पाळी उरकून परस्पर येणार होता. नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीने रंगकाम काढलेलं. सगळ्या दरवाजांना ऑइलपेंट, पाट्या काढून जिन्याखाली ठेवलेल्या. आमचा दरवाजा ओला होता. पाहुण्यांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून आईने त्याच्यासमोर आडवं स्टूल घातलं आणि मागच्या सामाईक गॅलरीच्या दारातून पाहुण्यांना आत घ्यायचं ठरवलं. बाबांना खाली फाटकाशी उभं केलं. बाबा दहा मिनिटं उभे राहिले आणि पान खायला गेले.

बेन त्या दिवशी मुलीकडे गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "बेसजे हां, टीव्हीवाला आवशे. सकाळपासून बोलावलाय, चित्र एकदम खराब." त्यांचा रंगीत टीव्ही आठवडाभर मुंग्या दाखवत होता. म्हणजे मला साधा टीव्हीसुद्धा बघायला मिळणार नव्हता. मी गाऊन घालून, केस मोकळे सोडून, तोंड फुगवून बसले. खाली ताई साडी नेसत असेल, आणि मी इथे मेकॅनिकची वाट बघत.

तीन वाजता बेल वाजली. दारात एक सावळा, चष्मेवाला तरुण. खांद्याला रेक्झिनची बॅग, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला.

"किती वाजले?" मी म्हटलं. "सकाळी यायचं कबूल केलं होतं ना?"

तो गोंधळला. "सॉरी. पाळी उशिरा सुटली."

"कारणं नकोत. तो बघा, तिकडे आहे."

तो आत आला, बूट काढून नीट बाजूला ठेवले. मी बोट दाखवलेल्या टीव्हीकडे त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आता, लगेच?"

"मग काय मुहूर्त बघायचा?"

यावर तो हसला. मला तेव्हा त्या हसण्याचा राग आला. मग त्याने बाह्या दुमडल्या, टीव्ही फिरवला, मागची वायर तपासली, टेस्टरने स्क्रू घट्ट केले. मग म्हणाला, इथे काही दोष नाही, अँटेना फिरली असेल. गच्चीची किल्ली माझ्याकडे मागितली. पुढची वीस मिनिटं तो गच्चीवर आणि मी बेनच्या खिडकीत, मान वर करून. "आलं! गेलं! अहो, गेलं! थांबा, थांबा, आलं! अरे देवा, पुन्हा गेलं!" सगळ्या सोसायटीने ऐकलं असणार. आईने तर नक्कीच, कारण खाली मुलाचे आईवडील येऊन बसले होते, मुलाचा पत्ता नव्हता, आणि वरून तिची लपवलेली धाकटी घसा फोडून ओरडत होती.

शेवटी चित्र स्वच्छ आलं. तो खाली आला तेव्हा हात काळे, चष्म्यावर धूळ. मला जरा बरं वाटलं, म्हणून मी चहा केला. आणि इतक्या दिवसांची माझी जी वाफ साठली होती ती त्या बिचाऱ्यावर सोडली.

"हे माझं घर नाहीच," मी म्हटलं. "माझं घर खाली आहे. आज माझ्या ताईला बघायला कोणीतरी येणार आहे, म्हणून मला इथे डांबलंय."

त्याचा कप तोंडाशी थांबला. "खाली म्हणजे?"

"दुसऱ्या मजल्यावर. विक्रोळीचा कोणी आहे. येईल, पोहे हादडेल, गाता येतं का विचारेल, आणि पंधरा दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवेल. सहा झाले असे. माझ्या ताईसारखी मुलगी यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. बँकेत आहे, शांत आहे. मी अशी आरडाओरडा करते, पण ती कधी आवाज चढवत नाही. आणि हे लोक खुर्चीत बसून तिला नापास करतात!"

त्याने चहा संपवला. कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, हे मी बघितलं. बेननी ठेवलेले पैसे दिले तर "नको, राहू दे" म्हणाला. दारात थांबून म्हणाला, "सगळेच तसे नसतात हो." आणि गेला.

संध्याकाळी खाली उतरले तर आई चिडलेली. मुलगा अर्धा तास उशिरा आला, हात काळे, शर्टाला गंज, मान वर करून बघेना की एक प्रश्न विचारेना. ताईने पोहे दिले, त्याने खाल्ले, संपलं. "आणि तू काय वर तमाशा लावलेलंस?" आईने विचारलं. मी टीव्हीची हकीकत सांगितली. मेकॅनिक फार चांगला होता, असंही म्हणाले. गंज, काळे हात, उशीर, हे सगळं माझ्यासमोर ठेवलेलं होतं आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. इतकी मी हुशार.

खरं तेही सांगून टाकते. पुढचे चार दिवस मी दोनदा बेनकडे गेले, टीव्ही नीट चालतोय ना बघायला. तो व्यवस्थित चालत होता याचं मला वाईट वाटलं. एका टीव्ही मेकॅनिकसाठी आपण असं झुरावं याची लाजही वाटली आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

गुरुवारी मध्यस्थ काका आले. खुर्चीच्या कडेला बसले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी मागितलं. मग म्हणाले, "मुलगी पसंत आहे त्यांना."

आईने देवाकडे हात जोडले.

"पण ही नाही. दुसरी."

"दुसरी खयची?" आई म्हणाली. "त्या दिवशी आमच्याकडे दुसरी नव्हतीच!"

"ती टीव्हीवाली," काका म्हणाले.

मग काकांनी त्याची बाजू सांगितली. पाट्या नव्हत्या, आमच्या दारासमोर स्टूल आडवं, म्हणून तो आणखी एक जिना चढला. वर बेनच्या दारात त्यांची रोजची रांगोळी आणि तोरण. हेच कार्यक्रमाचं घर, असं त्याला वाटलं. मुलीने टीव्ही दुरुस्त करायला लावला तेव्हा, कारखान्यातला हुन्नर पारखून बघतायत, असं समजून तो मुकाट्याने कामाला लागला. मी चहा देताना बोलले तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला.

पुढचं काही मला नीट ऐकू आलं नाही. तो तिथे बसून माझा चहा प्यायला, माझ्या ताईबद्दल सगळं ऐकून घेतलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही! मला संताप आला होता आणि त्या रागाच्या खाली मला आनंद होत होता, त्यामुळे राग आणखी वाढत होता. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुद्दाम दबा धरून बसले होते. "मला काय माहीत तो कोण ते!" मी ओरडले. "टेस्टर होता त्याच्या खिशाला!" कोणाचा विश्वास बसेना. शेवटी बेन खाली आल्या आणि म्हणाल्या, खरा टीव्हीवाला सोमवारी आला होता, टीव्ही चालू बघून भांडून गेला. तेव्हा बाबा वर्तमानपत्रामागे तोंड लपवून हसायला लागले. हसले फक्त बाबा.

ताई उठली, कपबशा उचलल्या, आत गेली. त्यानंतर आठ दिवस तिने माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. रात्री दोघींच्या गाद्यांमध्ये हातभर अंतर असायचं. एरवी भांडण म्हटलं की मी पुढे, पण इथे भांडायला कोणी समोरच येत नव्हतं. माझ्या अर्ध्या तासाच्या बडबडीने ताईचं सातवं स्थळ गेलं होतं, आणि तेही माझ्या पदरात पडलं होतं. मी काकांना नाही म्हणून कळवायला सांगितलं. ती मला कायमची तोडून टाकेल, एवढी एकच भीती मला होती.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणी ताटकळायला नको. माझा नकार घेऊन काका गेले आणि त्याचा निरोप घेऊन परत आले. मोठीचं ठरेपर्यंत थांबतो, घाई नाही, असा. तो दीड वर्ष थांबला. ताईचं लग्न तिच्याच बँकेतल्या एकाशी झालं, दाखवायचा कार्यक्रम न करताच. आमचं त्यानंतर सहा महिन्यांनी. पण मला लग्नापेक्षा तो शनिवार जास्त आठवतो.

शनिवारी ताईची बँक अर्धा दिवस. आल्या आल्या ती मला म्हणाली, "मासे आणायला येतेस?" आठ दिवसांतलं पहिलं वाक्य. मी चप्पल न शोधता बाबांची घालून निघाले. बाजारात तिने कोळणीशी नेहमीसारखी घासाघीस केली, बांगडे घेतले. परत येताना तिने विचारलं, "कसा आहे गं तो?"

"तू बघितलास की."

"नाही बघितला," ती म्हणाली. "मी एकालाही नाही बघितलं. बशी देते आणि जमिनीकडे बघत बसते. त्याचे फक्त पाय बघितले. मोज्याला भोक होतं."

मग मी सांगायला लागले. चष्म्यावरची धूळ, मोरीत ठेवलेला कप, गच्चीवरून "आता?" असं विचारणं. सांगताना मी त्याला शिव्याही घातल्या, लबाड म्हटलं, ढोंगी म्हटलं. ताई ऐकत होती. बराच वेळ झाल्यावर म्हणाली, "बास. कळलं मला. हो म्हण त्याला."

"तू रागावली नाहीस?"

"रागावले ना. खूप." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पण एक सांगायचंय. तुला वर पाठव असं आईला मीच सांगायचे. पहिल्यांदाही आणि नंतर दर वेळी. आई नको म्हणत होती. तू बाजूला असलीस की माझ्याकडे कोण बघणार, असं वाटायचं मला. तुला सांगायचं नाही म्हणून मी तिला शपथ घातली होती."

मी रस्त्यात उभी राहिले. तिच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ती इतकी दमलेली दिसत होती की तोंड उघडलं नाही. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो.

आई मोरीशी पाट टाकून बसली होती. मी तिच्यासमोर बसले, बांगडे ताटलीत काढले आणि विळी माझ्याकडे ओढली.

"आज सूर्य पश्चिमेक उगवलो काय?" आई म्हणाली. "तू माशाक हात लावतंस?"

मी मान खाली घालून बांगडे साफ करत राहिले. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "रडतंस कित्याक गो?"

"काही नाही," मी म्हटलं. "काटा टोचला."