आण्णांच्या नावाचा किडा शोधत आंबा घाटात

सासऱ्यांनी बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरा आणून ठेवलाय असा पेठ वडगावहून फोन आला, आणि आम्ही त्याच शनिवारी आंब्याला जायचं ठरवून टाकलं. बारसं बाळाचं नव्हतं. किड्याचं होतं. तोही कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला.

नीट सांगतो, म्हणजे मला जेवढं नीट कळलंय तेवढं. माझी बायको अश्विनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उशिरा का होईना, पीएचडी करतेय. तिच्या सरांनी तिला अभ्यासाला अंबराचा तुकडा दिलाय, खडीसाखरेच्या खड्याएवढा. अंबर म्हणजे झाडाची राळ, जमिनीखाली राहून राहून दगड झालेली. त्यात एक प्राणी अडकलाय. मी त्याला कोळी म्हणालो आणि त्या दिवशीचा चहा मला स्वतः करून प्यावा लागला. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग असतात आणि मधे बारीक कंबर. याला कंबरच नाही. डोकं, छाती, पोट सगळं एकजीव, हरभऱ्याला आठ पाय फुटावेत तसं. हा जाळं विणत नाही, याला विष नाही. पाठीवर एक उंचवटा आणि त्यावर दोन डोळे, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. इंग्रजीत याला हार्वेस्टमन म्हणतात, म्हणजे सुगीचा माणूस. आपल्याकडे सगळे याला कोळीच म्हणतात, तेव्हा चूक काही माझ्या एकट्याची नाही.

हा नव्या जातीचा निघाला तर त्याला आण्णांचं नाव द्यायचं, असं अश्विनी वडिलांना बोलून बसली होती. आण्णा, म्हणजे माझे सासरे दत्तोबा, वडगावला दूध संस्थेत सेक्रेटरी होते. त्यांना ही एकच मुलगी. "दत्तोबाचं नाव हितंच खुंटलं," असं भावकीतले लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आलेत. ते ऐकून आण्णा नुसते हसायचे, पण घरी आल्यावर जेवायचे नाहीत, असं अश्विनी सांगते. त्यामुळे ही बातमी त्यांनी गल्लीभर केली आणि नाव ठरलं की बारसं, असंही जाहीर करून टाकलं.

आता अडचण अशी की जात नवी की जुनी हे फार पुढचं. आधी गट ठरायला हवा. अश्विनीच्या मते दोन गट शक्य आहेत. एकाच्या तोंडापाशी काटेरी पकड असते आणि मागच्या पायांच्या टोकाला दोन-दोन नख्या. दुसऱ्याची पकड साधी आणि नखी एकच. आमच्या प्राण्याच्या तोंडावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर आलाय, म्हणजे पकडीचा प्रश्न मिटला. पाय धड लांब नाहीत, धड आखूडही नाहीत. उरली नखी, तर नेमका तिथेच अंबराला बारीक तडा गेलाय. सकाळी अश्विनीला दोन नख्या दिसतात, संध्याकाळी एक. मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं तेव्हा मला तीन दिसल्या. जिवंत प्राण्यात ही नखी कुठून कशी दिसते ते स्वतः बघितल्याशिवाय लिहिणार नाही असं ती म्हणाली, आणि हे प्राणी भरपूर कुठे, तर आंब्याच्या जंगलात.

आम्ही उचगावला राहतो. हायवेने वडगावला जाऊन आण्णांना घेतलं. कोल्हापुरात परत येऊन रत्नागिरी रस्ता धरायचा हा सरळ हिशेब. पण आण्णा म्हणाले, "आतनं जाऊ या की, वारणेकडनं. संस्थेच्या गाडीनं कितींदा गेलतो मी." उसाच्या फडांमधून आम्हाला एकच मारुतीचं देऊळ दोनदा लागलं. दुसऱ्यांदा तिथल्या माणसानं विचारलं, "पावणं, जायचं कुठं हाय?"

"बांबवड्याला," मी म्हणालो. रत्नागिरी रस्ता तिथेच लागणार होता.

"मग हिकडं कशाला आलाय?"

"देवळाच्या पाया पडायला," आण्णा म्हणाले आणि खरंच उतरून पाया पडून आले. तुम्ही जाणार असाल तर कोल्हापूरहूनच निघा. रस्त्याचं काम चालू आहे, धुळीची तयारी ठेवा. मलकापुरात पेट्रोल भरा, मिसळ तिथेच खाऊन घ्या. आंब्यात घरगुती मुक्काम मिळतो, जेवणासकट माणशी हजाराच्या आत. आमच्या घरमालकीण काकूंनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं आणि येण्याचं कारण ऐकून म्हणाल्या, "किडं बघाय कोल्हापुरातनं आलाय? तिकडं संपलं व्हय?" फोनला रेंज नव्हती, त्यामुळे हे कुणाला कळवताही आलं नाही.

सकाळी धुक्यात निघालो. पाऊस सरला होता, तरी पायवाटेवर जळवा होत्या. मोज्यांना तंबाखूची पूड चोळून घ्या. ओढ्याच्या कडेला मोठी कपार आहे. आण्णा दमून तिला टेकायला गेले आणि थबकले. "आशे, हितं कुणीतरी केस कापून टाकल्यात बघ."

खडकाच्या पोटाला खरंच काळ्या केसांचा पुंजका चिकटला होता. आण्णांनी त्यावर फुंकर मारली. अख्खा पुंजका वरखाली नाचायला लागला. शेकडो हार्वेस्टमन, एकमेकांत पाय गुंतवून बसलेले, धोका वाटला की सगळे मिळून उठाबशा काढतात. मी दोन पावलं मागे गेलो हे लिहायला हरकत नाही. आण्णा मात्र लहान मुलासारखे पुढे सरकले आणि त्यांनी एकाला चिमटीत धरलं. तो पडला आणि चालत निघून गेला. पाय आण्णांच्या हातात राहिला, आणि तो तळहातावर एकटाच वळवळत होता.

आण्णांचा चेहरा उतरला. "ह्यो परत कसा बसवायचा?"

"बसत नाही, आण्णा. त्यांना परत उगवतही नाही," अश्विनी म्हणाली. "कुणी धरलं की स्वतःच पाय टाकून देतात, जीव वाचवायला."

"आपल्या खड्यातल्याला बी सातच हायत न्हवं?"

"हो. एक राळेत पडायच्या आधीच गेलेला दिसतोय."

"म्हंजे एकदा सुटला हुता," आण्णा म्हणाले. वळवळ थांबेपर्यंत त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

पुढे एका कुजक्या ओंडक्याखाली काटेरी पकडीच्या गटातला एक सापडला, आखूड पायांचा. अश्विनी त्याच्यासमोर चिखलात आडवी झाली. भिंग, कॅमेरा, पुन्हा भिंग. मी उन्हासाठी आरसा धरून उभा होतो. बऱ्याच वेळाने ती उठून बसली तेव्हा रडवेली झाली होती.

"अहो, याला दोन नख्या आहेत. पण बाजूने बघितलं की एकच दिसते."

"मग आपल्याला काय कळलं?"

"की आपल्या खड्यात एक दिसली तर दोन असू शकतात. आणि दोन दिसल्या तर एक नखी आणि एक तडा असू शकतो."

मी म्हणालो, हे तर आपल्याला घरबसल्याही कळत नव्हतं. ती हसली नाही. घरी कळत नव्हतं ते निदान सोपं होतं.

दुपारी काकूंच्या अंगणात बसून तिने आण्णांना शेवटचा उपाय सांगितला. अंबर घासून आणखी पातळ करायचं, मग नखी जवळून दिसेल. सरांची परवानगी आहे, निर्णय तिचा.

"मग घास की," आण्णा म्हणाले.

"तडा पुढे सरकला तर तो पाय जाईल, आण्णा."

आण्णा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता भावकीचं काहीतरी बोलणार. "नको," ते म्हणाले. "एक पाय माझ्या हातनं गेलाय आज. ऱ्हाऊ दे."

परतताना आण्णांनी रस्ता सुचवला नाही. मलाच ते खटकत राहिलं आणि हायवेवर वडगावचा फाटा मी चुकलो.

घरी आल्यावर अश्विनीने प्रबंधाच्या प्रकरणात दोन शब्द लिहिले: स्थान अनिश्चित. गट ठरतच नसेल तर असं लिहायची शास्त्रात रीतसर सोय आहे म्हणे. आण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "असं बी लिवता येतंय?" आणि फोन ठेवला. मी अजूनही अधूनमधून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. परवा मला एकच नखी दिसली, अगदी स्पष्ट, आणि बायकोला हाक मारेपर्यंत दोन झाल्या. जंगल, धुकं, भाकरी सगळं धूसर होत चाललंय. त्या तळहातावरचा पाय तेवढा डोळ्यांपुढून जात नाही.

आंब्याहून आल्यानंतरच्या रविवारी वडगावला गेलो होतो तर दारात चपलांचा ढीग. आण्णांनी हरभरा भिजत घालून, शिजवून, वर खोबरं पेरून घुगऱ्या केल्या होत्या. अश्विनी दारातच थबकली. आत भावकीतले एक चुलते वाटी घेऊन बसले होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग दत्तोबा, नाव काय ठिवलं?"

"ठिवलं न्हाय," आण्णा म्हणाले. "नख्या दिसंना झाल्यात."

"दोन हायत म्हणून टाकायचं की. कोण बघाय येतंय?"

आण्णांनी एकदा दारातल्या अश्विनीकडे बघितलं. "माझी पोरगी म्हणाली न्हाय दिसत. मग न्हाय दिसत. वाटी कर हिकडं, अजून वाढतो."