अपोलोनियोने दिलेली ग्वाही

नागारोते गावात अपोलोनियो तेयेसला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो कधी शिकवायला गेला नाही. चौथीच्या पुढे शिकायलाही गेला नव्हता. मास्तर होते ते त्याचे हात. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची मान धरली, कुणाच्या तान्ह्याचं पोट फुगलं, की माणसं दवाखान्याआधी त्याचं दार वाजवायची. तो डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि एका जागी थांबून म्हणायचा, "इथं." दुखणं बरोब्बर तिथंच असायचं. चाळीस वर्षांत त्याचा अंगठा चुकल्याचं मी ऐकलं नाही.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच्या घरासमोर. त्याचं घर कोपऱ्यावरचं, त्यामुळे पुढचं दार आणि गल्लीतलं परसदार दोन्ही मला बसल्या जागेवरून दिसायची. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

हातांचा एवढा मान असलेला हा माणूस बेसबॉलच्या बाबतीत मात्र गावाचा विनोद होता. आमच्याकडे मोठ्या हेनीसारोच्या झाडाखाली दुपारी चारपासून बेसबॉलवर भांडण चालतं. अपोलोनियो रोज यायचा आणि रोज चुकायचा. ज्या खेळाडूची त्याने तारीफ करावी, तो दुसऱ्याच दिवशी माती खायचा. गुमेर्सिंदो म्हणून रेल्वेतला निवृत्त गार्ड होता, आवाज अजून शिट्टीवर मात करील असा. तो भर चौकात विचारायचा, "मास्तर, रविवारी कोण जिंकणार तेवढं सांगून टाका. म्हणजे आम्ही दुसऱ्या बाजूला बसतो."

सगळे हसायचे. अपोलोनियोही हसायचा. पण घरी आल्यावर दारात खुर्ची टाकून तो एकटाच बसायचा आणि गुमेर्सिंदोला जी उत्तरं द्यायला हवी होती, ती पुटपुटायचा. रस्त्यापलीकडे मला ती ऐकू यायची. काही काही उत्तरं खरंच चांगली असायची.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. जिल्ह्याच्या अंतिम फेरीत आमचा संघ आणि शेजारचं ला पास सेंत्रो एकेक सामना जिंकून बरोबरीत होते. तिसरा, निकालाचा सामना रविवारी आमच्याच मैदानावर. प्रश्न एकच होता : सामना सुरू करायला कुणाला उभं करायचं? सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोसळला, की नऊ डावांतले उरलेले डाव म्हणजे नुसतं जखमा मोजणं. एका बाजूला सदतीस वर्षांचा बयार्दो. दुसऱ्या बाजूला यादेर किरोस, वय वीस, संघात येऊन तीन महिने झालेले. सामना सुरू करायला तो एकदाही उभा राहिला नव्हता. शेवटचे दोन-तीन डाव टाकायला यायचा आणि आग ओकून जायचा.

सोमवारपासून झाडाखाली दोन तट पडले.

"निकालाचा सामना आहे, बारसं नाही," गुमेर्सिंदो म्हणाला. "वीस वर्षांचं पोरगं. पहिला सणसणीत फटका बसला, की गर्दीत आईला शोधायला लागेल."

"आणि तुमचा बयार्दो?" अपोलोनियो म्हणाला. "पाचव्या डावापासून त्याचा चेंडू इतका सावकाश येतो, की बॅटवाला मधल्या वेळात दाढी करून घेईल."

लोक हसले. वीस वर्षांत पहिल्यांदा हसू त्याच्या बाजूने फुटलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"बयार्दोने असे अकरा सामने खेळलेत, मास्तर."

"आणि सात घालवलेत, हेही सांगा की गार्डसाहेब!"

पुन्हा हशा. संघाचा व्यवस्थापक निकासिओ थोडा बाजूला, मका-कोकोच्या थंड तिस्तेचा पेला हातात धरून, आपलं लक्षच नाही अशा चेहऱ्याने उभा होता. तो दर वर्षी असाच उभा राहायचा. निर्णय त्याचा असायचा, पण गाव काय म्हणतंय ते ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. मी स्वतः पोराच्या बाजूचा होतो. गावातल्या तरण्या माणसांना यादेरच हवा होता.

बुधवारी दिवेलागणीला मी दुकानाची फळी लावत होतो, तेव्हा यादेर गल्लीतून आला आणि इकडेतिकडे बघून अपोलोनियोच्या परसदारातून आत शिरला. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. मी पाहिलं. फळी लावली आणि घरी गेलो.

आत काय झालं, ते पुढे अपोलोनियोने मला सांगितलं. यादेरने हात पुढे केला. अपोलोनियोने डोळे मिटले, अंगठा कोपराच्या आतल्या बाजूला नेला आणि थांबला. कातडी तापलेली होती. खालचा दोर, जो ताठ लागायला हवा, तो भिजल्या सुतळीसारखा लागला.

"करंगळीला मुंग्या येतात?"

"करंगळीला आणि शेजारच्या बोटाला. चेंडू टाकला की."

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

"तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही," अपोलोनियो म्हणाला. "लावलास तर हा दोर तुटेल. तुटला की मी जोडू शकत नाही."

पोरगं त्याच्या पायाशीच बसलं. "मास्तर, रविवारी राजधानीहून, मानाग्वाहून, मोठ्या संघाचा माणूस येणार आहे. खास मला बघायला. तुम्ही बोलू नका. फक्त रविवार. मग तीन काय, सहा महिने झोपून राहीन."

अपोलोनियोने घोरपडीची चरबी गरम केली, हात चोळून दिला, पट्टी बांधली. बोलणार नाही असं कबूल केलं. इथपर्यंत त्याला कुणी दोष देईल असं मला वाटत नाही. रोग्याचं गुपित तो नेहमीच पाळायचा. कोण कुणाच्या मारानं कण्हतंय, हे गावात फक्त त्याला ठाऊक असे आणि ते त्याच्यापाशीच राही.

पण गुरुवार आला.

झाडाखाली त्या दिवशी पन्नासेक माणसं असतील. गुमेर्सिंदो नेहमीसारखा ओरडत नव्हता, आणि म्हणूनच सगळे ऐकत होते. "मी थट्टा करत नाही," तो म्हणाला. "गेल्या दोन सामन्यांत मी नीट बघितलंय. शेवटी शेवटी पोराचं कोपर खाली येतं. चेंडू टाकून झाला की बोटं झटकतो. त्याच्या हाताला काहीतरी झालंय."

निकासिओने पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच पुढे आला. "मास्तर, हातांचं तुम्हाला कळतं. पोरगा तुमच्याकडे आला होता का?"

सगळे अपोलोनियोकडे वळले. त्याला म्हणता आलं असतं, "मी कुणाच्या दुखण्याबद्दल बोलत नसतो." निकासिओला तेवढ्यावरून कळलं असतं. त्याला नुसतं गप्प बसता आलं असतं. पण समोर गुमेर्सिंदो होता, भोवती गाव होतं, आणि गेले तीन दिवस लोक त्याच्या बोलण्यावर हसत होते, त्याला हसत नव्हते.

"आला होता," अपोलोनियो म्हणाला. "मी या अंगठ्यानं बघितलाय तो हात. लोखंड आहे लोखंड! खुशाल उभा करा त्याला. काही झालं तर मला विचारा."

"मास्तरांनी सांगितलं म्हणजे संपलं," कुणीतरी म्हणालं. बेसबॉलमध्ये त्याचं कुणी ऐकत नसे, पण हे हातांबद्दल होतं. गुमेर्सिंदोसुद्धा खांदे उडवून म्हणाला, "अंगठ्यापुढे माझं काही चालत नाही बुवा."

आणि मी? पोटाशी धरलेला तो हात मी आदल्या दिवशीच पाहिला होता. लोखंड असं पोटाशी धरून कुणी चालत नाही. पण मलाही यादेरच हवा होता. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

रविवारी मैदानाच्या भिंतींवरही माणसं बसली होती. यादेरने पहिल्या डावात तिघांना ओळीने बाद केलं. दुसऱ्यातही. पाचव्या डावापर्यंत ला पास सेंत्रोची एक धाव नाही आणि आमच्या दोन. लोक अपोलोनियोच्या पाठीवर थापा मारत होते, कुणी त्याच्या हातात डुकराच्या कातडीचं कुरकुरीत चिचारोन ठेवत होतं, कुणी बियर. गुमेर्सिंदोने दोन रांगा खालून वळून टोपी काढली.

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. सहाव्या डावात यादेर दोन चेंडूंच्या मधे करंगळी मांडीवर घासायला लागला. अपोलोनियोने हातातलं खाणं कागदात गुंडाळून बाकाखाली ठेवलं. सातव्या डावाच्या आधी तो उभा राहिला. खाली निकासिओ वीस पावलांवर होता. मला वाटलं, हा आता जातो. एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बसा की मास्तर, दिसत नाही!" आणि तो बसला.

त्यानंतरचा तिसरा चेंडू बॅटवाल्यापासून दहा हात दूर मातीत गेला. आधी काही आवाज आला असं लोक सांगतात; मला ऐकू आला नाही. यादेर जिथं होता तिथंच खाली बसला, उजवा हात डाव्याने उचलून धरलेला, लहान मूल उचलावं तसा. मग बयार्दो आला, त्याच्या त्या सावकाश चेंडूंनी त्याने उरलेले डाव कसेबसे रेटले, एक धाव दिली, आणि आम्ही दोन-एकने जिंकलो.

त्या दिवशी लोकांनी अपोलोनियोला खांद्यावर घेऊन चौकात आणलं. पोराची दुखापत म्हणजे दुर्दैव, पण सहा डाव शून्यावर ठेवले ते कुणी? आणि त्याच्यावर भरवसा कुणी ठेवला? वीस वर्षांत मास्तरांचं पहिलं भाकीत खरं ठरलं होतं. खांद्यावरून तो सारखा म्हणत होता, "उतरवा मला, उतरवा." लोकांना तो लाजतोय असं वाटलं.

यादेरचं कोपर पुन्हा सरळ झालं नाही. लेओन शहरातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं, पण ती परदेशात होते असं म्हणाले, आणि विषय तिथंच संपला. मानाग्वाचा माणूस सातव्या डावातच गाडी काढून गेला होता.

अपोलोनियो झाडाखाली यायचा बंद झाला. रोगीही घेईना. हात दुखतात म्हणायचा. यादेरची आई दोन्या ओतिलिया त्याच्यासाठी दर रविवारी मक्याच्या पिठात मांस भरून केळीच्या पानात बांधलेले दोन नाकातामाल पाठवायची. सोबत निरोप असायचा : मनाला लावून घेऊ नका. तो ते माझ्याकडे आणून द्यायचा. "तू खा. माझ्या घशाखाली उतरत नाही." मी खायचो. पाचव्या की सहाव्या रविवारी मी विचारलं, आणि मग त्याने परसदारात बसून मला बुधवारचं सगळं सांगितलं.

"तू पाहिलं होतंस त्याला येताना," तो शेवटी म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"हो."

"मग गुरुवारी गप्प का बसलास?"

मी हातातलं केळीचं पान घडी घालत राहिलो.

मे महिन्यात एका दुपारी तो स्वच्छ सदरा घालून झाडाखाली गेला. गुमेर्सिंदो उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या मास्तर. पोराच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, मी चूक. मोकळ्या मनाने सांगतो."

"मी बरोबर नव्हतो," अपोलोनियो म्हणाला. "मला माहीत होतं. तुटणार हे मला बुधवारीच माहीत होतं, आणि गुरुवारी मी खोटं बोललो. तुम्हाला हरवायला."

मग निकासिओ म्हणाला, "जाऊ द्या मास्तर, पोराने स्वतःच लपवलं होतं ना." आणखी दोघंतिघं तेच म्हणाले. त्यांनाही ते मिटवून टाकायचं होतं. कप तर कपाटात लागला होता. फक्त गुमेर्सिंदो खाली बसला आणि त्या दिवशी पुन्हा बोलला नाही.

तिथून अपोलोनियो तसाच दोन्या ओतिलियाच्या घरी गेला. मला म्हणाला, "चल." मी गेलो, पण फाटकाबाहेर थांबलो. ती अंगणात मका निवडत होती. तिने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, उभ्यानेच सांगितलं. ती ऐकत राहिली, हात मात्र मक्यात फिरतच होता.

"त्या बुधवारी मीच त्याला तुमच्याकडे पाठवलं," ती म्हणाली. "माझं तो ऐकत नव्हता. मला वाटलं, मास्तर नको म्हणतील, मग ऐकेल. घरी येऊन म्हणाला, मास्तर म्हणाले काही नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकात तेच बोललात असं कळलं, आणि मी देवापुढे मेणबत्ती लावली."

"दोन्या ओतिलिया…"

"नंतर मला वाटलं, तुमचा अंगठा चुकला. माणसाचा अंगठा आहे, एखाद वेळी चुकणारच. तेवढं मी माफ केलं होतं, अपोलोनियो." तिने पहिल्यांदाच त्याला मास्तर म्हटलं नाही. "आता ती माफी कुठे ठेवू ते तुम्हीच सांगा."

खुर्ची उचलून त्याने भिंतीशी नेऊन ठेवली आणि बाहेर आला. पुढच्या रविवारी नाकातामाल आले नाहीत.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. तान्ह्या मुलांची पोटं पुन्हा चोळायला लागला, म्हाताऱ्यांचे गुडघेही. खेळाडू आला तर मात्र हात लावण्याआधी त्याचं मनगट धरून त्याला निकासिओच्या घरापर्यंत चालवत न्यायचा आणि त्याच्यासमोरच तपासून दुखणं सांगायचा. पोरांना ते आवडायचं नाही. हळूहळू ती दुसऱ्या गावच्या चोळणाऱ्याकडे जायला लागली. झाडाखाली तो अधूनमधून यायचा, कडेला उभा राहायचा, आणि कुणी मत विचारलं तर नकारार्थी मान हलवायचा.

यादेरला त्याने स्वतः सांगितलं की आईने, मला माहीत नाही. पोरगा त्याला रस्त्यात भेटला की थांबून बोलायचा, पूर्वीसारखाच, आणि बोलणं संपेपर्यंत अपोलोनियोची नजर त्याच्या चपलांवर असायची.

यादेर आता बस अड्ड्यावर तिकिटं फाडतो. त्याची सायकल माझ्याकडेच येते. गेल्या शनिवारीही आला होता. चाक काढून मी ट्यूब पाण्यात बुडवली, तो शेजारच्या खोक्यावर बसून यंदाच्या संघाबद्दल बोलत होता. एक नवं पोरगं आलंय, एकोणीस वर्षांचं, डावखुरं. त्याला सामना सुरू करायला उभं करावं का, तुम्हाला काय वाटतं, असं त्याने मला विचारलं. मी ट्यूबमधली गळती शोधतोय असं दाखवत मान खाली घालून बसलो. गळती केव्हाच सापडली होती.