दोन्ही गुडघ्यांना पट्टी

११ फेब्रुवारी १९९२, मंगळवार. हजर: हाडांचे डॉक्टर, मी आणि आमच्या टीमची गोलकीपर रेहाना. घरचं कोणी नाही, कारण घरी मी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी माझी डावी नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढली. टेबलाचा खण सरकावा तशी ती सरकली.

"एसीएल गया," ते म्हणाले. एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधणारा दोर. तो तुटला तरी माणूस चालतो. पळता पळता वळलं की मात्र गुडघा जागा सोडतो. मी सेंटर हाफ. पळता पळता वळणं हेच माझं काम.

"चलने-फिरने को ठीक है. शादी-ब्याह में भी कोई दिक्कत नहीं. हॉकी के लिए ऑपरेशन लगेगा."

"सर, दूल्हा इसने माँगा कब?" रेहाना म्हणाली. "कैंप माँग रही है."

भारतीय संघाबरोबर माझे दोन परदेश दौरे झाले होते. तिसऱ्यासाठी डिसेंबरात शिबिर होतं आणि संभाव्य यादीत माझं नाव होतं. डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले: मार्चमध्ये ऑपरेशन, पुढे नऊ महिने. जमेल. जेमतेम.

आता नाव यादीत कसं आलं ते सांगते. दुखरा पाय समोरच्या टीमला कळू द्यायचा नसतो. कळला की स्टिक तिथेच येते. म्हणून आम्ही पट्टी दोन्ही गुडघ्यांना बांधायचो. मी त्याच्याही पुढे गेले. असोसिएशनला लिहून दिलं की उजव्या गुडघ्याला किरकोळ ताण आहे. चाचणीत निवड समितीच्या बाईंनी मला उजव्या पायावर वीस उड्या मारायला लावल्या. मारल्या. पास झाले. डाव्याकडे कोणी पाहिलं नाही.

ऑपरेशन आर्थ्रोस्कोपीने होणार होतं, म्हणजे दोन बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत घालून. ते करणारे सर्जन बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येत. असोसिएशनच्या पत्रावर हॉस्पिटल सवलत देणार होतं. असोसिएशनच्या कारकुनाने फाइलमधला माझाच जुना कागद पाहून पत्र टाइप केलं. घरी ऑपरेशनचं आता सांगावंच लागलं; मी पाकीट न उघडता बाबांच्या हातात दिलं.

बाबा कापड मिलच्या फोल्डिंग खात्यात चेकर होते. तिथली रीत अशी की ताग्याकडे नंतर बघायचं, आधी चिठ्ठी वाचायची. चिठ्ठी म्हणेल तो नंबर, चिठ्ठी म्हणेल तेवढे मीटर. मिल बंद पडली होती, म्हणूनच तर माझ्या पलंगाशी दिवसभर बसायला ते मोकळे होते. शेजारचे काका भेटायला आले आणि म्हणाले, "चला भिया, तिकडे मिलला ताला, इकडे पोरीच्या हॉकीला. ड्यूटी तर लागली तुमची!" बाबा हसले. कोणता गुडघा, हे त्यांनीही मला विचारलं नव्हतं. दोन्ही बांधलेलेच असत.

ऑपरेशनच्या सकाळी बाथरूमपर्यंत जायचं म्हणून मी सवयीने दोन्ही पट्ट्या बांधल्या. मग गुंगीची सुई दिली. सिस्टर फॉर्म घेऊन आली.

"बाबूजी, कौन सा घुटना?"

बाबांनी खिशातून पत्र काढलं, चष्मा लावला आणि चेकरच्या खणखणीत आवाजात वाचलं, "राइट नी, सिस्टर. राइट."

मला ऐकू आलं. जीभ उचलेना. मी हात वर केला. बाबांना वाटलं, निरोप घेतेय. त्यांनीही हात हलवला.

जाग आली तेव्हा सर्जन खुशीत होते. "घुटना अंदर से एकदम बढ़िया निकला. कुछ करना ही नहीं पड़ा." बाबांनी वॉर्डात पेढे वाटले. मी चादरीखाली हात घातला. डाव्या पट्टीची गाठ मी मारली तशीच होती.

दुखरा गुडघा डावा होता हे सांगितल्यावर बाबांनी पत्र पुन्हा वाचलं. पुन्हा. "चिठ्ठीत राइटच आहे गं," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण पाय तर समोर होता. मी बघायला हवं होतं." मी पत्र त्यांच्या हातातून घेऊन पाकिटात घातलं.

चौथ्या दिवशी ताप. सेप्टिक आर्थरायटिस, म्हणजे सांध्यात पू. एकवीस दिवस चांगला गुडघा धूत राहिले. तो पुरता कोरडा होईपर्यंत डाव्याला हात लावायला सर्जन तयार नव्हते. डिसेंबर आला आणि गेला. शिबिरातून रेहानाचं कार्ड आलं: "तेरी जगह जो आई है, एक भी घुटना नहीं बाँधती. देख के जलन होती है." डाव्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. पाय चालण्याफिरण्यापुरताच राहिला.

तुम्ही ऑपरेशनला जाणार असाल तर एवढं करा. सुईच्या आधी सर्जनला भेटा. दुखऱ्या बाजूवर बॉलपेनने स्वतः बाण काढा, दुसरीवर 'ही नाही' असं लिहा. प्रत्येक पाकीट उघडून वाचा. आणि आजाराबद्दल कुठे खोटं सांगितलं असेल, तर भरती होण्याआधी ते खोडून या. कागद आपल्या आधी पोचतो.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, अन्नपूर्णा भागात माझ्याकडेच राहतात. त्या दिवसापासून घरात आलेला एकही कागद त्यांनी शेवटचा शब्द म्हणून वाचलेला नाही. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, चष्मा काढून माझ्यापुढे सरकवतात. "तू बघ. माझं वाचलेलं धरू नको."

रविवारी मी आठवड्याची यादी करते. या वेळची: बीपीच्या गोळ्या, गॅसचा नंबर, बाबांचा हयातीचा दाखला. सगळ्यात खाली एक ओळ आहे, ती दर रविवारी जुन्या यादीतून नव्या यादीत उतरवते.

बाबांना सांगणे: तुम्ही बरोबर वाचलं होतं. चुकीचं मी लिहून दिलं होतं.

दाखला काल आणला. ती ओळ अजून तशीच आहे.