आईनं निवडलेला ग्रह

माझे वडील ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो करणारे कारागीर कोल्हापुरात तेव्हा बरेच होते, पण आबांच्या हाताला मान होता. शाळा सातवीत सुटलेली. वाचायचं वेड मात्र असं की वाचनालयातलं पुस्तक चौथ्या दिवशी बदलून आणायचे. तेही कसलं, तर जादूच्या राज्यांचं, राक्षसांचं, आणि पुढं पुढं तर नुसतं ग्रहताऱ्यांचं. माणसांच्या रडगाण्याच्या कादंबऱ्या त्यांना चालायच्या नाहीत. ते आपल्या गल्लीत फुकट ऐकायला मिळतं, म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की ते भिंतीला टेकून मोठ्यानं वाचायचे. आवाज कारखान्यातला, मशीनच्या वरताण बोलायची सवय झालेला. शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली गिऱ्हाईक थांबून ऐकायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ समोर बसायचो, आई जरा बाजूला, काहीतरी निवडत नाहीतर शिवत. पुस्तक संपलं की आबा ते मिटून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "हं, ऱ्हायला जायचं तर कुठल्या जगात?"

हा आमचा खेळ. त्यात थट्टा नसायची. आबा खरोखर विचार करून सांगायचे. त्यांना समुद्राखालचं एक नगर फार आवडलं होतं, कारण तिथल्या धातूला गंज चढत नव्हता आणि ओतलेली वस्तू पहिल्या खेपेलाच साफ निघायची. भाऊ दर आठवड्याला घर बदलायचा. जिथं उडणारं जनावर असेल तिथं तो. मी मात्र एकाच जगाला धरून होते. उंच झाडांच्या शेंड्यांवर वसलेलं ते राज्य होतं, घराघरांच्या मध्ये दोरांचे पूल. मी तिथं आम्हा सगळ्यांची सोयसुद्धा लावून ठेवली होती. वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला होता. आबांना अवजारांची खोली, भावाला सर्वांत उंच फांदी, मला खिडकीची, आणि आईला स्वयंपाकघराला लागून.

आईला कुणी विचारायचं नाही. म्हणजे न विचारायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. ती तिथं असायची, ऐकत असेल असंही आम्हाला वाटायचं नाही.

मी पाचवीत असेन. दिवाळी होऊन गेली होती आणि आबांनी एक जाड दिवाळी अंक आणला होता. त्यात एक लांबलचक गोष्ट होती. माणसांचं एक यान सोन्यासारख्या एका ग्रहाकडं निघालेलं असतं. वाटेत यंत्र बिघडतं, म्हणून ते एका लहानशा, गार, ओसाड ग्रहावर उतरतात. तिथं एक गोल खोली आणि एकच बाई. तिचं काम एवढंच की दिवसातून तीनदा वारा आणि थंडी मोजायची आणि बिनतारी यंत्रावरून दूर कुठंतरी कळवायची. यान दुरुस्त होतं. नायकाला तिची कीव येते, तो म्हणतो चल आमच्याबरोबर, ती नको म्हणून मान हलवते, आणि ते निघून जातात. सबंध गोष्टीत तिची पानं दोन. पुढं तो सोन्याचा ग्रह, लढाया, सगळं रीतसर.

अंक संपल्यावर आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. भावानं सोन्याचा ग्रह घेतला. मी माझं झाडावरचं राज्य सोडायला तयार नव्हते. आबा काहीतरी बोलणार तेवढ्यात आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "मी त्या वारा मोजणाऱ्या बाईकडं जातो."

आमच्याकडं बायका स्वतःविषयी बोलतानाही 'जातो', 'येतो' असंच म्हणतात. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष हे की ती बोलली.

आबांना हसू आलं. ते म्हणाले, तिथं तर ती एकटीच हाय, तू जाऊन दोघी होणार.

"ती गेल्यावर जातो की," आई म्हणाली. "तिच्या जागी."

"आणि बोलणार कुणाशी?"

"न्हाय बोलणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पुढची शेंग घेतली. आबा अंक फळीवर ठेवून पान आणायला खाली गेले.

मला ते फार लागलं. आता सांगताना हसू येईल कुणाला, पण मला ती गोष्ट पुस्तकातली वाटलीच नाही. आईनं पहिल्यांदाच जग निवडलं आणि तेही असं की ज्यात मी नाही, भाऊ नाही, आबा नाहीत. मी तिच्यासाठी खोली ठेवली होती! आठवडाभर मी तिच्याकडून वेणी घालून घेतली नाही. वाकडीतिकडी स्वतःच घातली आणि शाळेत गेले. तिनं पहिल्या दिवशी बोलावलं, दुसऱ्या दिवशी फणी माझ्या शेजारी ठेवली, मग काही म्हणाली नाही. शेवटी एका संध्याकाळी आबा कारखान्यातून आल्यावर मी जिन्यातच त्यांना गाठून विचारलं, "आई जाणार हाय का आपल्याला सोडून?"

आबांनी पायताण काढलं, बाजूला लावलं. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. मी वाऱ्याच्या बाईचं सांगितलं. ते तिथंच पायरीवर बसले. मला वाटलं आता ते हसतील, पण ते बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "न्हाय जाणार. पण बघू या."

आमच्या स्वयंपाकघरावर एक माळा होता. कोळशाची पोती, फुटकी ट्रंक, आबांचे नाकारलेले साचे, असला पसारा. रस्त्याच्या बाजूला हातभर खिडकी. पुढच्या सुट्टीला आबांनी वाचन केलं नाही. सकाळपासून ते माळ्यावर होते. पसारा खाली आला, कोळसा जिन्याखाली गेला, फळ्या धुतल्या गेल्या. दुपारी त्यांनी कारखान्यातून आणलेल्या जुन्या बेअरिंगवर पत्र्याचा एक बाण बसवला आणि तो खिडकीबाहेर ठोकला. वारा आला की तो वळायचा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक थर्मामीटर आणला होता, तो चौकटीला टांगला. मग खाली येऊन हात धुताना त्यांनी आम्हा दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रोज चार ते पाच आई वर असणार. कुणी हाक मारायची न्हाय."

आई म्हणाली, काय खूळ लावलंय. म्हणाली, लोक हसतील.

"हसू देत की," आबा म्हणाले.

लोक हसलेच. आमच्याकडं पाहुण्यांचा राबता असायचा. कोर्टाचं काम, दवाखाना, लग्नाचा बस्ता, कशालाही गावाकडचं माणूस आलं की आमच्याकडं उतरायचं. हातकणंगल्याच्या पुढं राहणारी आत्ती डोळे दाखवायला आली होती. सुट्टीच्या दिवशी चार वाजता आई शिडी चढून वर गेलेली बघून तिनं आबांना विचारलं, "वैनी वर काय करती?"

"हवा बघती," आबा म्हणाले आणि चहा स्वतः टाकला.

सुरुवातीला आई दहा मिनिटांत खाली यायची. आमटी लागेल, दूधवाला येईल, काहीतरी निमित्त. मग हळूहळू अर्धा तास, मग पुरा तास. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागं ती तारीख, पारा आणि वाऱ्याची दिशा लिहायची. तिचं अक्षर गोल, जपून काढलेलं. एवढं लिहायला दोन मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात ती काय करते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. शिडी करकरली नाही म्हणजे ती अजून वर आहे, एवढंच कळायचं.

भावानं ते लगेच मान्य केलं. मी नाही केलं. वर्ष होत आलं तरी चार वाजले की मला घर ओकंबोकं वाटायचं. आणि एके दिवशी मी ते केलं. भाऊ ओट्याजवळ बसून पेरू खात होता. मी शिडीखाली उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "आई, ह्याचा हात भाजला!"

ती अशी आली की शेवटच्या तीन पायऱ्या तिला दिसल्याच नाहीत. खाली पडली, पाय मुरगळला, तशीच सरपटत भावापर्यंत गेली. त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. एका हातात पेरू होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

ती मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी हाय का न्हाय ते बघायचं होतं?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"हाय. हाक मारलीस की येणार. पण खोटी मारू नकोस."

घोटा भोपळ्यासारखा सुजला. हाडवैद्यानं पट्टा बांधून तीन आठवडे जिना-शिडी बंद सांगितली. आबांनी कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय घसरला. मी तिथंच उभी होते. मलाही खरं सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं मला वर जायला सांगितलं. पारा बघ, बाण कुठं हाय ते बघ, आणि वरनं सांग, मी लिहितो. मी पहिल्यांदाच माळ्यावर गेले. वर एक सतरंजी होती, पाण्याचा तांब्या होता, आणखी काही नव्हतं. एवढ्यासाठी? मी पारा वाचला, बाणाची दिशा सांगितली, खाली तिची पेन्सिल चाललेली ऐकली. लगेच उतरणार होते, पण बाण हलला म्हणून थांबले. खिडकीतून कौलं दिसत होती, उद्यमनगराच्या बाजूचा धूर, एका गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. खाली आई भावाला काहीतरी विचारत होती, तो उत्तर देत होता. त्यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. मी कुणाची मुलगी नव्हते, ताई नव्हते, पाचवी पास नव्हते. कुणाला दिसत नव्हते. किती वेळ गेला कळलं नाही. खालून आईनं हाक मारली नाही. पाच वाजता मीच उतरले. तिनं तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "बरं वाटलं?"

मला उगाचच रडू आलं. ती माझी वेणी सोडून परत घालायला लागली.

तीन आठवडे मी रोज वर गेले. तिचा पाय बरा झाला त्या दिवशी तिनं विचारलं, आज पण तूच जातीस का? मला जायचं होतं. पण मी नाही म्हणाले, आणि ती चढून गेल्यावर शिडीखालून बाजूला झाले.

पुढं बारा-तेरा वर्षं तो क्रम चालला. मग मालकानं इमारत पाडायला काढली आणि आबांनी शहराबाहेर एका नव्या कॉलनीत छोटं घर बांधलं. तोवर माझं लग्न झालं होतं, भाऊ पुण्याला शिकत होता. नव्या घरात आबांनी मागची एक खोली आईसाठी म्हणून वेगळी काढली. ती तिथं बसेना. तिला विचारलं तर म्हणाली, सगळं घरच रिकामं, आता वेगळं कुठं जाऊ?

मी बाळंतपणाला त्या घरी गेले तेव्हा ही गोष्ट मनात होती. मुलगी झाली, रडकी. महिन्याभरात मी इतकी थकले की भिंतीला टेकले की डोळा लागायचा. एका दुपारी तिला पाजता पाजता मी आईला विचारलं, इतक्या वर्षांचं राहिलेलं. त्या गोष्टीत तू आम्हाला बरोबर का घेतलं नाहीस?

ती दुपटी घडी करत होती. म्हणाली, माहेरी आम्ही नऊ भावंडं, एका वाकळंखाली चार. सासरी आल्यावर तुझी आजी, आत्त्या, पाहुणे. "जन्मल्यापासनं एकटी अशी मी कधी नव्हतोच. कसं असतंय तेवढं बघायचं होतं." मग घडी घातलेलं दुपटं तिनं उगाच पुन्हा उलगडलं. "तुमी नको होता म्हणून न्हाय. तुमी खाली बोलताय हे ऐकू येत होतं, म्हणून वर बसवत होतं. खरंच कुणी नसतं, तर मी दोन दिवस बी ऱ्हायलो नसतो त्या ग्रहावर."

झाडावरच्या त्या राज्यात मी तिला कुठली खोली दिली होती, ते तिला मी कधीच सांगितलेलं नव्हतं, आणि तेव्हाही नाही सांगितलं.

बाळ पुन्हा रडायला लागलं. आईनं ते माझ्या मांडीवरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं. अंगणात ती बाळाशी काहीतरी बोलत होती. मी उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.