खीळ न बसवलेली पेटी

आमच्या काष्टी गावात घर बांधताना गवंड्याला पहिली सूचना दिली जाते ती सापाची. उंबऱ्याखाली फट नको, मोरीच्या पाइपाला जाळी हवी, न्हाणीचं दार खाली घासलं तरी चालेल पण मधे बोट जाता कामा नये. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या दारांखाली पट्ट्या ठोकण्यात गेलं, आणि त्या सगळ्या पट्ट्या साप आत येऊ नये म्हणून होत्या. तो बाहेर जाऊ नये म्हणून मला लाकूडकाम करावं लागेल आणि त्यासाठी पुण्याहून माणसं गाडी काढून येतील, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

मी देव्हारे करतो. सागवानी, वर कळस, घंटा अडकवायला कडी, खाली उदबत्तीच्या पुड्यांचा खण. पुण्यातल्या कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये माझा देव्हारा बघून एका तरुण साहेबांचा फोन आला. "काका, काम फार सुबक आहे तुमचं. मला असंच काहीतरी हवंय, पण सापासाठी." देव आणि साप यांच्या गरजा साधारण सारख्याच असाव्यात, असा त्यांचा समज होता. पुढे काम करताना कळलं की तो फारसा चुकीचा नव्हता. दोघांनाही समोर काच लागते, आत दिवा लागतो, ठरल्या वारी नैवेद्य लागतो, आणि दोघंही दिवसभर जागचे हलत नाहीत. फक्त नैवेद्य उंदराचा.

साहेबांनी मोबाईलवर नकाशा पाठवला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, म्हणजे महाराजांना मनाला येईल तिकडे सरकता येईल. उबेसाठी खाली विजेची गादी, आणि ती जास्त तापली तर आपोआप बंद पडेल असं बटण. लपायला दोन खोल्या, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. अंग भिजवायला पसरट भांडं. सांध्यांत पाणी मुरू नये म्हणून आतून सिलिकॉन. मागच्या फळीला हवेची भोकं, पण पेन्सिल आत जाणार नाही एवढीच. मी हे सगळं आमच्या एका खोलीच्या घरात बसून वाचलं. ती मे महिन्यात तापते तेव्हा तिला कसलंच बटण नसतं.

माझ्याकडचं पॉलिश माझी बायको करते. दुकानामागे पत्र्याची शेड आहे, ते तिचं राज्य. पॉलिश ओलं असताना तिथे पाय टाकायची गावात कुणाची टाप नाही, माझीही नाही, कारण धूळ बसते आणि मग ती बोलते. तिच्या हाताशिवाय माझा देव्हारा म्हणजे कळस लावलेलं खोकं असतं. हे मी तिच्यासमोर कधी म्हटलेलं नाही, पण गिऱ्हाइकं म्हणतात. सापाला वास चालत नाही म्हणून मी मुद्दाम बिनवासाचं, पाण्यातलं पॉलिश मागवलं. तिने डब्याकडे बघितलं, मग पेटीकडे बघितलं.

"याच्यात काय ठेवनार हायेत?"

"शोभेची झाडं."

"झाडांना गादी कशाला लागती?"

वीस वर्षांच्या संसारात तिच्याशी मी एकदाही नीट खोटं बोलू शकलेलो नाही, आणि तरी दर वेळी प्रयत्न करतो. मी खरं काय ते सांगितलं. ती खाली बसली.

तिचा धाकटा भाऊ उसाला पाणी भरताना साप चावून गेला. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात, आणि दुसऱ्या दिवशी नागालाच भाऊ मानून पुजतात. तिने उपवास आजपर्यंत चुकवलेला नाही. पुजायला मात्र ती भाऊ गेल्यापासून एकदाही गेली नाही. मलाही ते कधी खटकलं नाही.

"पेट्या करा," ती म्हणाली. "पॉलिश मी करते. पन जिता साप दुकानात आला, तर त्या दिवसापासून मी दुकानात पाय ठेवनार न्हाई. शेडबी तुमची तुमाला."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय, साप पुण्यात आणि आम्ही काष्टीत. पहिल्या तीन पेट्या टेम्पोत बसून रिकाम्याच गेल्या. साहेबांच्या मित्रांमध्ये माझं नाव झालं. सापवाल्यांचा मोबाईलवर एक गट असतो, त्यात माझ्या सांध्यांची तारीफ चालते असं मला कळवण्यात आलं. इकडे गावात मला 'सापाचा आर्किटेक्ट' म्हणू लागले. त्यात तारीफ किती होती ते मी विचारलं नाही.

चौथी पेटी न्यायला साहेब स्वतः आले, ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी. हातात वेताची टोपली, टोपलीत उशीचा अभ्रा, अभ्र्यात साप. परदेशी जातीचा, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंदलेला. आपल्याकडचा साप पाळणं गुन्हा आहे, पण हा चालतो, असं म्हणून त्यांनी मला कागद दाखवले. माझ्या बापाने पाच वर्षं तलाठ्याकडे खेटे घालून जमवले त्याहून ते जास्त होते आणि एकही फाटलेला नव्हता. सापाला नावही होतं. ते इथे लिहीत नाही, कारण आमच्या गल्लीत त्याच नावाचा एक सभ्य माणूस राहतो.

साहेब सणाला सासुरवाडीला, नगरला निघाले होते. सासूबाईंनी निरोप दिला होता, जावई या, साप नको. ज्या सणाला घरात साप चालत नाही असा सण म्हणजे नागपंचमी. "काका, एकच दिवस. परवा सकाळी पेटीसकट घेऊन जातो. पेटी कशी काय आहे तेही कळेल." त्यांनी तो माझ्या हातात दिला, कसा धरायचा ते शिकवलं. तीन-साडेतीन फूट लांब, तपकिरी अंगावर फिकट चकते, आणि घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडूसारखा गुंडाळून बसायचा. मी नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या माणसाच्या सांध्यांची पुण्यात तारीफ चालते त्याला नाही म्हणता येत नाही.

मी मागे जाऊन बायकोला सांगितलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. तिचा उपवास होता. ती हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवून घरात निघून गेली, आणि त्याचा अर्थ मला पुरेपूर कळला.

पेटीचं एकच काम उरलं होतं. समोरच्या काचा सरकत्या होत्या. त्या आतून ढकलल्या जाऊ नयेत म्हणून चौकटीत एक भोक पाडून पितळी खीळ घालायची होती. एक भोक. संध्याकाळी ड्रिल हातात घेतलं आणि लाईट गेली. साप रात्रभर टोपलीतच राहिला, आणि सकाळी लाईट आली तेव्हा पंचमी उजाडली होती. पंचमीला आमच्याकडे चिरणं, कापणं, खणणं, टोचणं सगळं बंद. भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही. नागाला इजा होऊ नये म्हणून. मी पिढीजात सुतार, त्या दिवशी खिळासुद्धा ठोकत नाही. तेव्हा नागाच्या मानापोटी मी नागाच्या पेटीला भोक पाडलं नाही, आणि साप आत सोडून काचांच्या मधल्या फटीवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावली. वरून दोनदा हात फिरवला.

नऊच्या सुमारास गल्लीतल्या बाया ताटं घेऊन दारात उभ्या राहिल्या. दर वर्षी त्या ओढ्याकाठच्या वारुळाला जायच्या. तिथे आता प्लॉट पडलेत, वारूळ जेसीबीने सपाट केलंय, आणि दोन वर्षं त्या भिंतीवरच्या कागदी नागाला पुजत होत्या. "तुमच्याकडं खरा आलाय म्हनं." मी नाही म्हणू शकलो असतो. पण लोकांच्या श्रद्धेच्या आड येणारा मी कोण? शिवाय माझी पेटी आजवर गावात कुणी बघितली नव्हती. मी पेटीवरची चादर काढली, आतला दिवा लावला, मोबाईल काढून शूटिंगही केलं. काचेला हळद-कुंकू लागलं, लाह्या उधळल्या गेल्या, दूध शिंपडलं गेलं. बरंचसं दूध काचेवरून ओघळत नेमकं चिकटपट्टीवर आलं. कागद दूध पितो, नाग पीत नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

जेवायला पुरणाचे दिंड होते. बायकोने वाढले, स्वतः नुसती बसून राहिली. जेवण झाल्यावर ती म्हणाली, शेडमधले ब्रश आणि चिंध्या घेऊन येते, आता तिथं माझं काय काम. मी मान खाली घालून दुकानात गेलो. चिकटपट्टी सुकल्या पानासारखी लोंबत होती. काच चार बोटं सरकलेली होती. पेटीत पाण्याचं भांडं होतं, दोन खोल्या होत्या, ऊब होती, गारवा होता.

मग मी माझ्या हुशारीची कमाल केली. शेजाऱ्याला हळूच विचारलं, काही दिसलं का. हळू विचारलेली गोष्ट आमच्या गल्लीत लवकर पोचते. दहा मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली, काठ्या, पहारी, एकाच्या हातात उसाचा कोयता. सकाळी ज्यांच्या बायकांनी कुंकू लावलं तेच नवरे. कपाळाला सकाळचं गंध तसंच. मी सांगत होतो, बिनविषारी आहे, दुसऱ्याचा आहे, मी शब्द दिलाय. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "ते खरं, पन साप त्यो सापच."

त्यांनी दुकान उपसलं. फळ्या उलथल्या, भुशाचा ढीग काठीने विस्कटला. मग शेडकडे वळले. शेडच्या दारात माझी बायको स्टुलावर बसलेली होती.

"आत पॉलिश वलं हाय," ती म्हणाली. "धूळ बसंल. कुनी यायचं न्हाई."

"आज पंचमीचं पॉलिश?"

"पॉलिश म्हंजी काय चिरनं हाय का?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिच्या ओल्या पॉलिशची सगळ्यांना सवय होती. ते वळून दुकानामागच्या विटांच्या ढिगाकडे गेले. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या मांडीवर हात होते आणि हातात एक चिंधी घट्ट पिळलेली होती.

पंधरा मिनिटांनी विटांकडून ओरडा झाला. "घावला." मी धावत गेलो. मारून टाकलेली धामण होती. आमच्याच भागातली, उंदीर खाऊन लोकांच्या धान्याची राखण करणारी, चांगली सहा फूट. पिवळट, साधी, अंगावर एकही चकता नाही. सकाळी ज्याला हात जोडले तो आणि ही यात फरक आहे, हे कुणाला सांगावं तर सगळे तिला काठीवर धरून फोटो काढत होते. मग समाधानाने घरोघर गेले. काहींचं जेवण राहिलं होतं.

मी शेडशी आलो. बायको तशीच बसून होती. तिने डोळ्यांनी आत दाखवलं. चिंध्यांच्या खोक्यात, तिच्या मऊ मलमलच्या चिंध्यांत, तो डोकं आत घालून गुंडाळून बसला होता. तिच्यापासून हातभर अंतरावर. ती तिथे तासभर बसली होती.

"आरडली का न्हाईस?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आरडले असते तर सगळे आत आले असते." तिने पिळलेली चिंधी उलगडून गुडघ्यावर पसरली. "भाऊ गेला त्या दिवशीबी असंच झालं. उसात शिरले आनि सात साप मारले. आमच्या दारात आनून वळीनं मांडले. मला हाताला धरून बाहेर आनलं, म्हनले बघ, तुज्या भावाचा हिशेब चुकता केला. त्यातला चावल्याला कोनचा, ते एकालाबी म्हाईत नव्हतं."

वीस वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. कशाची ते नीट सांगता येणार नाही, पण सकाळच्या शूटिंगचीही त्यात होती.

मी साहेबांनी शिकवल्याप्रमाणे त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि दुकानात नेऊन पेटीत सोडलं. तो गरम बाजूच्या खोलीत गेला. मी काच सरकवली, हाताने दाबून धरली, आणि इकडेतिकडे चिकटपट्टी शोधू लागलो. बायको दुकानाच्या दारात उभी होती.

"खीळ बसवा," ती म्हणाली.

"उद्या सकाळी भोक पाडतो. आज पंचमी आहे."

"धामन आजच मारली की."

मी ड्रिल काढलं. पंचमीच्या भर दुपारी त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. चौकट हलत होती, भोक सरळ पडेना. ती उंबरा ओलांडून आत आली आणि तिने पेटी दोन्ही हातांनी धरली. साप आतच होता.